बुजगावण्यावर कावळा बसतो तेव्हा

रब्बीची ज्वारी चिकात आली की मराठवाड्यात रानोरान बुजगावणी उभी राहतात. दोन काठ्या, जुना सदरा, डोक्याच्या जागी काळं मडकं. पहिल्या दिवशी भोरड्यांचा थवा वरूनच वळसा घेऊन दुसऱ्याच्या रानात उतरतो. तिसऱ्या दिवशी तो आपल्याच तुकड्यात येतो, पण बुजगावण्यापासून लांब, बांधाच्या कडेला. आठवडा उलटतो आणि एखादा कावळा त्या मडक्यावर बसून निवांत चोच घासताना दिसतो. “पाखरं सरावली,” असं आपण म्हणतो.

शब्द अगदी नेमका आहे. पण या एका शब्दात मेंदूची बरीच कामं दडलेली आहेत. ती आकृती कुठे पाहिली ते लक्षात ठेवायचं, तिच्यामुळे पुढे काही झालं का हे त्या आठवणीला जोडायचं, मग पोटातली भूक आणि समोरचा धोका ताडून उतरायचं की नाही ते ठरवायचं. यातलं कोणतं काम मेंदूत कुठे होतं हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बरंचसं उलगडलं आहे, आणि ज्याला पाखरांपासून पीक राखायचं आहे त्याला ते कामाचंही आहे.

शंभर वर्षं चुकीची नावं

आपल्या मेंदूचं वरचं आवरण घड्या पडलेलं असतं आणि त्यात पेशींचे सहा थर असतात. त्याला कॉर्टेक्स म्हणतात. आठवण, विचार, बेत आखणं यांचा मोठा वाटा तिथला. पक्ष्याचा मेंदू मात्र वरून गुळगुळीत. आतही असे थर दिसत नाहीत, पेशींचे गठ्ठे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडविग एडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने हे पाहिलं आणि पक्ष्यांचा पुढचा मेंदू म्हणजे जवळपास सगळा स्ट्रायटमच, असं मानलं. स्ट्रायटम हा आपल्यात कॉर्टेक्सच्या खाली असतो आणि हालचाली व सवयींशी जोडलेला असतो. म्हणजे पक्षी करतो ते सगळं उपजत, त्यात विचार नाही, असा अर्थ निघाला. पक्ष्यांच्या मेंदूच्या भागांना हायपरस्ट्रायटम, निओस्ट्रायटम अशी नावं पडली आणि ती शंभर वर्षं टिकली.

१९६० च्या दशकात हार्वी कार्टेन यांनी डोळ्याकडून आणि कानाकडून येणारे चेतातंतू मेंदूत कुठवर जातात ते शोधलं. जोडणी आपल्या कॉर्टेक्ससारखीच निघाली. तरी नावं बदलायला २००२ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तज्ज्ञ एकत्र बसले आणि २००४ मध्ये नवी नावं छापून आली. पक्ष्याच्या पुढच्या मेंदूचा बहुतेक भाग पॅलियम आहे, म्हणजे ज्यापासून आपला कॉर्टेक्स घडतो त्याच कुळातला, हे तेव्हा अधिकृत झालं. नाव बदललं हे किरकोळ वाटेल. पण ज्या भागाचं नावच “सवयींचा गठ्ठा” असं सुचवतं, तिथे विचार शोधायला जाणारे थोडेच असतात. या एका नावाने बरीच वर्षं वाया घालवली, असं आमचं मत आहे.

मग वजनाचा प्रश्न. पारव्याचा मेंदू साधारण दोन ग्रॅमचा, म्हणजे चार-पाच शेंगदाण्यांएवढा. एवढ्याशा जागेत किती चेतापेशी मावतील? हे मोजायची एक सोपी पद्धत आहे. मेंदूचा भाग घोटून त्याचा एकजीव द्राव करतात. पेशी फुटतात, पण त्यांची केंद्रकं शाबूत राहतात. केंद्रकांना रंग देतात, द्राव नीट ढवळतात, एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि त्यावरून एकूण आकडा काढतात. २०१६ मध्ये या पद्धतीने केलेली २८ जातींच्या पक्ष्यांची मोजणी प्रसिद्ध झाली. आपल्या डोमकावळ्याच्या गोतातल्या, थंड मुलखातल्या रॅव्हनचा मेंदू चौदा ग्रॅमच्या आसपास, पण त्याच्या पॅलियममध्ये सुमारे १२० कोटी चेतापेशी. निळ्या-पिवळ्या मॅकॉ पोपटाच्या पॅलियममध्ये सुमारे १९० कोटी, आणि मॅकाक माकडाच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे १७० कोटी. माकडाचा मेंदू मात्र या पोपटाच्या कितीतरी पट जड. पाखराच्या पेशी बारीक असतात आणि दाटीने बसवलेल्या असतात. एका पिशवीत लिंबं भरावीत आणि तेवढ्याच पिशवीत ज्वारी भरावी, तसा हा फरक. पेशी जवळजवळ असल्याने निरोपालाही लांब जावं लागत नाही.

एवढ्या पेशी पोसायच्या कशा, हाही प्रश्न होताच. पारव्यांवर केलेल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या चेतापेशीला सस्तन प्राण्याच्या चेतापेशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश ग्लुकोज पुरतं.

कुठे ठेवलं ते कसं आठवतं

जागेची आठवण राखणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. आपल्यात तो खोल, कानशिलाच्या आत असतो. पक्ष्यात तो वर, कवटीच्या अगदी खाली, मध्यरेषेला लागून असतो. दिसायला वेगळा, काम तेच. ढाबळीतल्या पारव्यांचा हा भाग काढून त्यांना लांब सोडलं, तर ते घराच्या दिशेने नीट उडतात, कारण दिशा धरायला सूर्य आणि इतर साधनं असतात. अडतात ते घराजवळ आल्यावर. ओळखीच्या खाणाखुणा जुळवून आपल्याच ढाबळीवर उतरणं त्यांना जमत नाही.

सगळ्यात सुंदर पुरावा मिळाला तो चिकडीकडून. आपल्याकडच्या वल्गुलीच्या गोतातला हा उत्तर अमेरिकेतला छोटा पक्षी थंडीसाठी एकेक बी वेगवेगळ्या जागी दडवून ठेवतो. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका खोलीत शंभराहून अधिक खाचा केल्या, प्रत्येकीवर रबराचं झाकण लावलं आणि सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. पक्षी झाकण चोचीने उचलतो, बी आत कोंबतो, उडून जातो. त्या क्षणी हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचा एक विशिष्ट संच क्षणभर चमकून जातो. पुढच्या बीला वेगळा संच, अगदी शेजारच्या खाचेत ठेवली तरी वेगळाच. आणि तीच बी काढायला पक्षी परत आला की तोच संच पुन्हा चमकतो. दुकानातल्या प्रत्येक पुड्यावर वेगळी पट्टी छापलेली असते, तसंच हे. २०२४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा संशोधकांनी त्याला बारकोडच म्हटलं.

नुसती जागाच नाही, वेळही लक्षात राहते. १९९८ मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी स्क्रब जे या पक्ष्यावर केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. स्क्रब जे म्हणजे आपल्या टकाचोराचा नातलग. (दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलकंठालाही इंग्रजीतून कुणी ब्लू जे म्हणतात, पण तो या कुळातला नाही.) या पक्ष्यांना अळ्या जास्त आवडतात, शेंगदाणे कमी. पण अळ्या सडतात. त्यांना वाळूच्या तबकांत दोन्ही दडवू दिलं. चार तासांनी सोडलं तर ते थेट अळ्यांच्या जागी गेले. १२४ तासांनी, म्हणजे पाच दिवस उलटल्यावर सोडलं, तर अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे वळले. वासाचा आधार मिळू नये म्हणून तोवर तबकं रिकामी करून वाळू बदललेली होती. अळ्या सडतात हे कधी पाहायलाच न मिळालेले पक्षी मात्र पाच दिवसांनीही अळ्याच शोधत राहिले. म्हणजे काय ठेवलं, कुठे ठेवलं, किती वेळ झाला, हे तिन्ही धागे एकत्र गुंफलेले होते.

निर्णय डोक्याच्या मागच्या बाजूला

आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो तो बेत आखतो, मनाला आवर घालतो, दोन गोष्टींतली एक निवडतो. पक्ष्यात हे काम करणारा भाग कपाळामागे नाहीच. तो डोक्याच्या मागच्या बाजूला, कडेला आहे. नाव अवघड आहे, निडोपॅलियम कॉडोलॅटराले. यातला “निडस” म्हणजे लॅटिनमध्ये घरटं. इथून पुढे आपण त्याला निर्णयकेंद्र म्हणू.

पहिली खूण १९८२ मध्ये मिळाली. पारव्याला एक साधं काम शिकवतात: मागच्या वेळी डावीकडे दाणा मिळाला, तर आता उजवीकडे टोचायचं. मधे काही सेकंदांची वाट. हा भाग इजा झालेला पारवा बघतो नीट, टोचतो नीट, पण मघाशी कुठे टोचलं ते मधल्या सेकंदांत त्याच्या मनातून निसटतं. आठवडी बाजारात एका गाड्यावर कांद्याचा भाव ऐकून दुसऱ्या गाड्यापर्यंत जाताना आपण तो आकडा मनात धरून ठेवतो. ही कामापुरती आठवण आहे, आणि निर्णय नेहमी तिच्यावरच उभा असतो.

२००५ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात हे आणखी बारकाईने दिसलं. पारव्याला चित्र दाखवून एक आवाज ऐकवला की अर्थ “लक्षात ठेव, विचारणार आहे”. दुसरा आवाज म्हणजे “विसर, विचारणार नाही”. पहिल्या आवाजानंतर निर्णयकेंद्रातल्या पेशी वाट पाहण्याच्या पूर्ण वेळेत जाग्या राहिल्या. दुसऱ्यानंतर त्या विझल्या. काय धरायचं आणि काय सोडायचं हे पाखरू ठरवू शकतं.

कावळ्याने याच्याही पुढचं दाखवलं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत कावळ्यासमोर स्क्रीनवर एक चित्र येतं. मग स्क्रीन कोरी. त्या कोऱ्या वेळेत एक खूण मिळते, कधी रंगाची, कधी आवाजाची. तिचा अर्थ एकतर “मघाचंच चित्र निवड” किंवा “वेगळं निवड”. शेवटी दोन चित्रं येतात, कावळा चोचीने एकाला टोचतो आणि बरोबर असेल तर खाऊ मिळतो. २०१३ च्या या कामात निर्णयकेंद्रातल्या काही पेशी “तेच” या नियमाला, तर काही “वेगळं” या नियमाला प्रतिसाद देताना आढळल्या. खूण रंगाने दिली की आवाजाने, याने फरक पडला नाही. चित्रं कोणती होती यानेही नाही. पेशींनी धरून ठेवला होता तो फक्त नियम.

आणि धीर? जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी पारव्यांना दोन पर्याय दिले: थोडे दाणे लगेच, किंवा जास्त दाणे उशिरा. उशीर थोडा असेल तर पारवा जास्त दाण्यांसाठी थांबतो. उशीर वाढवत नेला की एका टप्प्यावर त्याचं मन पालटतं आणि तो थोड्यावर येतो. निर्णयकेंद्रातल्या पेशींची हालचालही त्याच चढउताराने बदलते. दाणे किती आणि थांबायचं किती, या दोन्हींचं एकच मोल तिथे ठरतं. घासाघीस करणारा आडत्या याहून वेगळं काय करतो?

मोल ठरवायला डोपामिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन लागतं. मेंदूच्या मधल्या भागातून डोपामिनचे तंतू या केंद्रात येतात आणि काही पेशींभोवती टोपलीसारखी वीण घालतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिन वाढतं, कमी मिळालं की घटतं. “ठरवलं होतं तसं झालं नाही” हा निरोप म्हणजेच शिकणं. बुजगावण्याजवळ गेलेल्या पाखराला धोका अपेक्षित होता, तो आला नाही. अपेक्षा आणि अनुभव यांच्यातली ही तफावत रोज थोडी थोडी भीती पुसते.

सवय आणि हेतू

सारखं सारखं केलेलं काम हळूहळू स्ट्रायटमकडे जातं आणि सवय होतं. सवयीला फळाशी घेणं नसतं. हेतूने केलेलं काम मात्र फळ बदललं की बदलतं. हे तपासायची युक्ती साधी आहे. पक्ष्याला एक खाऊ पोटभर खाऊ घालायचा आणि मग तो काय शोधतो ते पाहायचं. स्क्रब जेला शेंगदाणे पोटभर दिले तर तो दडवलेल्या शेंगदाण्यांकडे न जाता दुसऱ्या खाऊच्या जागी जातो. २००७ मध्ये दिसलं की तो उद्याचाही विचार करतो. सकाळी ज्या खोलीत त्याला न्याहारी मिळत नसे, त्या खोलीत तो आदल्या संध्याकाळी जास्त खाऊ दडवू लागला.

माणसाचा चेहराही त्यांच्या हिशोबात असतो. २००६ मध्ये सिअॅटलमध्ये जॉन मार्झलुफ यांच्या चमूने एक मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे गलका करत मागे लागायचे. न पकडलेले कावळेसुद्धा त्यात सामील व्हायचे. आपल्याला कुणी त्रास दिला हे कावळा चेहऱ्यावरून ओळखतो, हे गोफण फिरवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

अंड्यातला उजेड

कोंबडीच्या पिल्लाचं इथे थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण त्याचा उपयोग घराघरात आहे. एका डोळ्याने पाहिलेलं पक्ष्याच्या मेंदूच्या जवळपास पूर्णपणे विरुद्ध बाजूला जातं. दोन बाजू जोडणारा आपल्यासारखा जाड पूलही त्यांच्यात नसतो. म्हणून पिल्लाच्या दोन डोळ्यांत कामाची वाटणी असते: खड्यांतून दाणा वेचायला उजवा डोळा, आकाशातल्या घारीवर लक्ष ठेवायला डावा.

ही वाटणी अंड्यातच पक्की होते. उबवणीच्या शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू मान अशी वळवून बसतं की डावा डोळा अंगाशी दाबला जातो आणि उजवा कवचाकडे येतो. खुडूक कोंबडी मधून मधून अंड्यांवरून उठते, तेव्हा कवचातून उजेड उजव्या डोळ्याला मिळतो. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांना जमिनीला चिकटवलेल्या खड्यांत दाणे टाकून दिले आणि वरून शिकारी पक्ष्याची आकृती फिरवली, तेव्हा ती गोंधळली. दाणेही नीट वेचता येईनात, वरही नीट पाहता येईना. उजेड मिळालेल्या पिल्लांनी दोन्ही कामं एकाच वेळी केली. घरी छोटं उबवणी यंत्र वापरत असाल, तर अठराव्या दिवसानंतर आत थोडा वेळ उजेड पडू द्या. उष्णता वाढणार नाही असाच दिवा हवा.

पैठण किंवा गंगाखेडच्या घाटावर पिंडाजवळ आलेला कावळा मान आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वळवतो, तिरप्या उड्या मारत जवळ येतो, परत मागे सरकतो. श्रद्धेचा भाग वेगळा. पण मेंदूच्या बाजूने पाहिलं तर तो आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी, म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंनी, तपास करत असतो. भोवती माणसांची गर्दी आणि जागा अनोळखी, म्हणून वेळ लागतो. चार पावलं मागे सरून शांत थांबलं की ताजव्यातलं धोक्याचं पारडं हलकं होतं.

मग राखण कशी करावी

बुजगावणं कणसं भरायच्या आधी उभं करू नका. रिकाम्या रानात उभं राहिलेलं बुजगावणं पाखरांना रोज फुकटचा धडा देतं की इथे काही होत नाही. दाण्यात चीक धरू लागला की त्या दिवशी लावा. त्यापुढचे तीन-चार आठवडेच महत्त्वाचे असतात.

दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, सदराही बदला. पण सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे: बुजगावण्याला घातलेल्या सदऱ्यासारखाच सदरा घालून राखणदाराने अधूनमधून तिथेच उभं राहावं आणि तिथूनच गोफण फिरवावी. कधी हलतं, कधी हलत नाही, हे पाखराला आधी सांगता येत नाही, म्हणून भीती लवकर पुसली जात नाही. आवाजाच्या बंदुकीचंही तसंच. ठरावीक अंतराने वाजणारा आवाज ते चटकन ओळखतात. वेळ चुकवत वाजवा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे. पक्षी जागेबरोबर वेळही शिकतात. गार्डन वॉर्बलर या युरोपातल्या पक्ष्यांना चार खोल्यांत दर तीन तासांनी वेगवेगळ्या खोलीत खाऊ दिला. ते शिकल्यावर चारही खोल्यांत सतत खाऊ ठेवला, तरी ते जुन्या वेळापत्रकानेच फिरत राहिले. तुमच्या तुकड्यात सकाळी सातला एकदा पोटभर हुरडा मिळाला की दुसऱ्या दिवशी थवा त्याच वेळी हजर होईल. म्हणून माळ्यावर माणूस बसवायचा तो उजाडताना आणि मावळतीला, आणि तोही चीक धरतो त्याच आठवड्यात. नुकसान दिसू लागल्यावर बसवलेला माणूस पाखरांच्या पक्क्या झालेल्या आठवणीशी झगडत बसतो.

आणि पाखरू निवड करतं ती तुलनेतून. आजूबाजूच्या रानांत काहीच नसेल आणि एकच तुकडा आधी निसवला असेल, तर कोणतीही भीती भुकेपुढे टिकत नाही. शेजाऱ्यांशी बोलून एकाच आठवड्यात पेरणी करा, म्हणजे थवा विभागला जातो आणि एकाच्याच पिकावर तुटून पडत नाही. ज्या भोरड्या कणसं खातात त्याच टोळ आणि अळ्याही मोठ्या प्रमाणात खातात, तेव्हा विष टाकणं हा उपाय नव्हेच.

ज्वारी काढली की बुजगावणंही त्याच दिवशी मोडा. मडकं घरी न्या, सदरा धुऊन ठेवा. पुढच्या रब्बीला ते दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या रंगात उभं राहू द्या.